बोलपटाच्या पहिल्या दशकातील नायिका साकारताना : नवख्यांसाठी कापडापासून कुंकवापर्यंतचे मार्गदर्शन

महाविद्यालयाची एकांकिका, जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम, एखादा लघुपट किंवा हौसेने काढून घेतलेली छायाचित्रे, यांपैकी कशासाठीही १९३१ ते १९४० या काळातील चित्रपटतारकेचा साज उभा करावयाचा झाला, की बहुतेक नवखी मंडळी आधी बाजार गाठतात आणि चमचमणारी साडी, भरघोस दागिने व लालभडक लिपस्टिक घेऊन परततात. या तिन्ही वस्तू पुढे निरुपयोगी ठरतात आणि खर्च मात्र होऊन बसतो. हौशी रंगभूमीसाठी वेशभूषा करताना माझ्याही हातून आरंभी हेच घडले. त्या अनुभवातून एक गोष्ट मनात पक्की झाली आणि पुढील सर्व पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. त्या काळातील नायिकेच्या अंगावरील प्रत्येक वस्तू दोन परीक्षा देऊन पडद्यावर आलेली असे. पहिली परीक्षा रंग न जाणणाऱ्या कॅमेऱ्याची आणि दुसरी बारीकसारीक खुडबुडही टिपणाऱ्या मायक्रोफोनची. म्हणून साडी हाताने चाचपण्यापूर्वी ती राखाडी छटांत कशी दिसेल आणि हालताना कशी ऐकू येईल, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आधी भूमिका ठरवावी

‘तीसच्या दशकातील नायिका’ असा एकच साचा नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलमआरा’ प्रदर्शित झाला, तेव्हा झुबेदा राजवाड्यातील कथेच्या पोशाखात पडद्यावर आली. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे तारामतीच्या रूपात, म्हणजे पौराणिक वेशात दिसल्या. १९३५ मध्ये वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’त नादियाने मुखवटा, उंच बूट आणि हातात चाबूक असा साहसपटाचा पोशाख रूढ केला, तर १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ या मराठी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या आधुनिक पोशाखात गाताना दिसल्या आणि महाराष्ट्रात चर्चेला उधाण आले. सात वर्षांच्या आत पडद्यावर आलेली ही चार निरनिराळी जगे आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की प्रेक्षकाला काहीच ओळखू येत नाही.

नवख्याने सामाजिक बोलपटातील शिकलेल्या, शहरी नायिकेपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. पौराणिक वेशाला मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा असा मोठा सरंजाम लागतो आणि तो हलक्या प्रतीचा असला की लगेच उघडा पडतो. सामाजिक नायिकेला एक चांगली साडी, नीट बेतलेले पोलके, मन लावून बसवलेले केस आणि मोजके दागिने पुरतात.

भूमिका ठरली की किमान पंधरा-वीस स्थिरचित्रे समोर ठेवून बसावे. ‘आलमआरा’ची प्रत आज उपलब्ध नाही, तिची केवळ छायाचित्रे उरली आहेत. प्रभातचे अनेक बोलपट मात्र पाहावयास मिळतात. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जुनी स्थिरचित्रे, जाहिरातपत्रके व मासिके जतन केलेली आहेत. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये छायाचित्रण करणारे जर्मन छायालेखक योसेफ विरशिंग यांनी चित्रीकरणाच्या वेळी काढलेली छायाचित्रेही आता प्रकाशात आली आहेत. देविका राणी यांच्या पदराची पडण आणि पोलक्याची बाही त्यांत इतकी स्पष्ट दिसते की शिंप्याला थेट दाखवता येते. रंगीत भित्तिपत्रकांवर किंवा मासिकांच्या मुखपृष्ठांवर मात्र रंगासाठी विसंबू नये, कारण ते रंग चित्रकाराच्या मनातील असत. साडी खरोखर कोणत्या रंगाची होती, याचा तो पुरावा नव्हे.

राखाडी छटांची परीक्षा

या पायरीला पैसे लागत नाहीत आणि तरीही हीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल छटा निवडून दुकानातच कापडाचे चित्र काढावे. लाल काठाची हिरवी साडी डोळ्यांना कितीही उठावदार वाटली, तरी तिचा लाल आणि तिचा हिरवा सारख्याच गडदपणाचे असतील, तर चित्रात काठ जवळजवळ नाहीसा होतो. उलट फिकट पिवळसर अंगाला गडद जांभळा काठ असेल, तर तो रेखीव उठतो. कृष्णधवल पडद्याची सारी शोभा उजळ आणि गडद यांच्या अंतरावर उभी होती. त्या काळच्या स्थिरचित्रांत फिकट अंग व गडद काठ किंवा गडद अंग व झळाळता काठ वारंवार दिसतो, तो याच कारणाने.

मूकपटांच्या काळात वापरली जाणारी जुनी फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, त्यामुळे लाल ओठ आणि लाल वस्त्र पडद्यावर काळे पडे. बोलपटांच्या आगमनाच्या सुमारास सर्व रंगांना संवेदनशील असलेली फिल्म रुळली आणि लालही राखाडीच्या मधल्या छटेत दिसू लागला. म्हणून आपल्याला नेमक्या १९३५ च्या आसपासची छाप हवी असेल, तर मोबाइलमधील साधी कृष्णधवल छटा पुरेशी आहे.

पांढऱ्याशुभ्र कापडाविषयी एक सूचना देते. तीव्र प्रकाशात शुभ्र साडी फुटते, म्हणजे तिच्या निऱ्या आणि चुण्या दिसेनाशा होतात आणि केवळ एक पांढरा डाग उरतो. अशा वेळी कोऱ्या चहाच्या फिकट, गाळलेल्या पाण्यात कापड थोडा वेळ बुडवून सावलीत वाळवावे. डोळ्यांना ते किंचित मळकट दिसते, पण छायाचित्रात पांढरेच दिसते आणि प्रत्येक चुणी वाचता येते. हा प्रयोग प्रथम कापडाच्या तुकड्यावर करावा आणि संपूर्ण साडी एकाच मोठ्या भांड्यात सारखी बुडेल अशी काळजी घ्यावी, नाहीतर पट्टे उमटतात.

कापड कानाने पारखावे

‘आलमआरा’चे चित्रीकरण बहुतांशी रात्री करावे लागले, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जात असे आणि दिवसा तिचा आवाज ध्वनिमुद्रणात शिरे. संवाद व गाणी चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत, मायक्रोफोन दृश्यातच कुठेतरी दडवलेला असे आणि नंतर आवाज सुधारण्याची सोय नव्हती. हॉलिवूडमध्येही हीच अडचण आली. तेथे ताफेट्याचे घागरे आणि मण्यांचे झगे इतके कुरकुरत की संवाद ऐकू येईनासे होत आणि वेशभूषाकारांना मऊ, निःशब्द कापडांकडे वळावे लागे. मूकपटातील नायिकेने खुशाल खळखळणारे दागिने ल्यावेत. बोलपटातील नायिकेला मात्र आपल्या वस्त्रालाही गप्प बसवावे लागले. क्रेप, शिफॉन, जॉर्जेट ही कापडे त्या दशकात इतकी शोभली, त्याला त्यांच्या सुंदर पडणीबरोबर हा मुकेपणाही कारण झाला असावा, असे मला नेहमी वाटते.

आपण आज कॉलरला किंवा पदराला छोटा मायक्रोफोन लावतो, म्हणजे ती जुनी अडचण जशीच्या तशी परत येते. दुकानात कापडाची घडी कानाजवळ धरून दोन बोटांनी चोळावी. ताफेटा, ऑर्गंझा आणि खळ दिलेले टिश्यू लगेच कुरकुरतात. स्वस्त पॉलिस्टर जॉर्जेट कुरकुरत नाही, पण कोरड्या हवेत परकराला चिकटून चटचटते आणि अंगावर एक कृत्रिम चकाकी आणते. व्हिस्कोस जॉर्जेट किंवा क्रेप घ्यावे. त्या काळी ज्याला ‘आर्ट सिल्क’ म्हणत, तो रेयॉन आणि हे व्हिस्कोस एकाच कुळातील आहेत, त्यामुळे परवडणारे असूनही ते काळाशी प्रामाणिक राहते.

साडी : बेत, काठ आणि नेसण

शहरी, आधुनिक नायिका म्हटली की पाचवारी गोल साडी आणि तीही अंगासरशी नेसलेली. नऊवारी लुगडे त्याच काळात घरोघरी होते आणि बोलपटांतही होते, पण चकचकीत शहरी रूपासाठी पाचवारीच घ्यावी. खांद्यावर पदर घेऊन, परकर व पोलक्यासह नेसण्याच्या या पद्धतीला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबई इलाख्यात राहत असताना त्यांनी पारशी स्त्रियांचे नेसणे पाहिले आणि त्यात फेरफार करून ती पद्धत बंगालमध्ये नेली. शिफॉनच्या साडीला राजघराण्यांतून प्रतिष्ठा मिळाली, त्यात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या आणि कूचबिहारची महाराणी इंदिरा देवी यांचे नाव आवर्जून घेतले जाते. फ्रान्समधील शिफॉन, मोत्यांचे सर आणि इटलीच्या साल्वातोरे फेरागामो यांच्याकडून करवून घेतलेले जोडे हा त्यांचा थाट होता. पडद्यावरील नायिकेची हलकी, जवळजवळ वजनरहित साडी याच अभिरुचीच्या जवळची आहे.

तयार साडी मनासारखी मिळाली नाही, तर ती घरी तयार करता येते आणि बहुधा तेच उत्तम होते. सुमारे ११२ सेंमी पन्ह्याचे साडेपाच मीटर व्हिस्कोस जॉर्जेट घ्यावे आणि शिवण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवावे, कारण हे कापड आटते आणि काठ लावल्यानंतर आटले तर काठाला कायमच्या चुण्या पडतात. मग चार ते सहा सेंमी रुंदीचा वेगळा काठ घ्यावा. मखमलीचा, भरतकामाचा किंवा बारीक जरीचा काठ चालतो. पारशी साड्यांना अशी वेगळी ‘कोर’ टाचण्याची रीत होतीच. काठ खालच्या किनारीला आणि पदराला लावावा. कमरेत खोचला जाणारा भाग मोकळा सोडावा, म्हणजे कमरेवर गाठोडे होत नाही. यंत्राच्या शिलाईपेक्षा हाताने घातलेला धावदोरा जॉर्जेटची पडण मोडत नाही, म्हणून एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी. ताठ फॉल मुळीच लावू नये.

पारदर्शक साडीच्या आत परकर हा केवळ आधार नसतो. त्याचा घेर, रंग आणि चमक बाहेर दिसते. साडीच्याच रंगाचा किंवा एक छटा गडद, मऊ साटिनचा, गुडघ्यापर्यंत अंगासरशी आणि खाली किंचित पसरणारा परकर शिवून घ्यावा. शिंप्याला कापड तिरके बेतण्यास सांगता आले तर फारच चांगले. पॅरिसमध्ये वेशभूषाकार मादलेन व्हिओने यांनी कापड त्याच्या धाग्यांशी ४५ अंशांच्या कोनात कापून अंगावरून पाण्यासारखे घरंगळणारे झगे केले आणि हॉलिवूडच्या पडद्यावर जीन हार्लोने ते साटिनमध्ये मिरवले. तोच घरंगळ आपल्या परकरात आला, तर वरची साडी आपोआप त्या काळातील दिसू लागते.

नेसताना आजची सवय बाजूला ठेवावी. आज साडी बेंबीखाली नेसली जाते, तेव्हा ती नैसर्गिक कमरेवर, म्हणजे बरगड्यांच्या शेवटापासून थोडेच खाली नेसली जाई आणि पोलके तिथवर पोहोचत असल्यामुळे मधले पोट फारसे दिसत नसे. या एका बदलाने रूप जितके पालटते, तितके कोणत्याही दागिन्याने पालटत नाही. पहिला वेढा नितंबांवर घट्ट बसवावा, पुढे पाच-सहाच निऱ्या घ्याव्यात, त्या सुमारे १२ सेंमी रुंद ठेवाव्यात आणि किंचित डावीकडे वळवून खोचाव्यात. पदर इस्त्री केल्यासारखा पट्टीत बसवू नये. खांद्यावर तीन-चार सैल चुण्या एकत्र धरून टाचणीने अडकवाव्यात आणि उरलेला पदर पाठीवर मोकळा सोडावा किंवा मागून उजव्या हातावर घ्यावा. नेसून झाल्यावर दहा पावले चालून, बसून आणि उठून पाहावे. उठताना निऱ्यांना हात लावावा लागत असेल, तर वेढा सैल झाला आहे.

पोलके

त्या काळच्या बोलण्यात ‘पोलके’ आणि ‘झंपर’ हे दोन्ही शब्द होते. शिंप्याकडे जाताना हे शब्द सांगण्यापेक्षा छायाचित्र दाखवावे, कारण आजचा शिंपी सवयीने आखूड, खोल गळ्याचे आणि घट्ट कपांचे ब्लाउज शिवून ठेवतो. आपल्याला कमरेपर्यंत येणारे, गळ्याला उथळ, छातीवर सैलसर आणि बाहीवर लक्ष वेधणारे पोलके हवे आहे. १९३२ मध्ये हॉलिवूडमध्ये वेशभूषाकार एड्रियन यांनी अभिनेत्री जोन क्रॉफर्डसाठी मोठ्या झालरीच्या बाह्यांचा पांढरा झगा केला आणि त्यानंतर खांद्याशी फुललेल्या बाह्यांची लाट दूरवर पसरली. आपल्याकडील फुग्यांच्या बाह्या याच दशकाची खूण म्हणून डोळ्यांसमोर येतात. फुगा कोपराच्या वर संपावा आणि त्याला आतून ऑर्गंझाची पट्टी असावी, म्हणजे तो बसत नाही. ही पट्टी आतील बाजूस पूर्ण झाकलेली असेल तर तिचा आवाज होत नाही.

चेन लावू नये. आकड्या किंवा टिचबटने लावावीत. हे काळाला धरून आहे आणि पाठीवर चेनची ताठ रेघ येत नाही. गाणाऱ्या कलावंतासाठी मापे घेताना तिला दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे आणि भरलेल्या छातीचे माप लिहून घ्यावे. भारतात पार्श्वगायनाची पद्धत १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये सुरू झाली. तोपर्यंत नायिका कॅमेऱ्यासमोर उभी राहून स्वतःच गात असे आणि त्यानंतरही शांता आपटे यांच्यासारख्या गायिका-अभिनेत्री स्वतःची गाणी स्वतःच गात राहिल्या. तान घेताना आवळणारे पोलके त्यांच्या काही उपयोगाचे नव्हते.

केस : याला सर्वाधिक वेळ द्यावा

साडी उत्तम आणि केस आजचे, अशी जोडी मी कितीदा पाहिली आहे आणि दर वेळी सारा परिणाम तेथेच ओसरतो. या दशकाच्या केसांची ओळख म्हणजे कपाळाजवळून कानापर्यंत उतरणाऱ्या, डोक्याला चिकटलेल्या लाटा आणि मानेवर टेकलेला सैल अंबाडा. पाश्चात्त्य तारकांनी केस आखूड कापले होते. आपल्याकडे लांब केस राखून केवळ पुढच्या भागाला लाटा देण्याची तडजोड झाली आणि ती अधिक शोभून दिसते.

आदल्या दिवशी जवसाचा गोळ, म्हणजे केस बसवण्यासाठीचा चिकट द्राव, तयार करावा. दोन मोठे चमचे जवस दीड कप पाण्यात सात-आठ मिनिटे उकळावे, पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरू लागले की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही, हे ध्यानात ठेवावे. शीतकपाटात हा गोळ काही दिवस टिकतो आणि वाळल्यावर केसांवर पांढरी पापुद्री धरत नाही.

केस धुऊन ओलसर असतानाच एका बाजूला भांग पाडावा. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा पुढचा भाग वेगळा काढून मागचे केस बांधून ठेवावेत. पुढच्या भागाला गोळ चांगला चोळून बारीक फणीने केस सपाट विंचरावेत. आता भांगापासून सुमारे अडीच सेंमी अंतरावर डाव्या हाताची तर्जनी केसांवर आडवी दाबून ठेवावी आणि तिच्या खालचे केस फणीने पुढच्या दिशेने, चेहऱ्याकडे ढकलावेत. बोटाखाली एक उंचवटा उभा राहील. तो तर्जनी व मधल्या बोटाच्या चिमटीत घट्ट धरून खालचे केस विंचरावेत आणि चपटी क्लिप लावावी. मग तर्जनी आणखी अडीच सेंमी खाली आणून केस या वेळी मागच्या दिशेने ढकलावेत. पुढे, मागे, पुढे अशा तीन लाटा कानापर्यंत पुरतात. वर जाळी बांधून केस पूर्ण वाळू द्यावेत. घाईने क्लिपा काढल्या तर उंचवटे लगेच सपाट होतात आणि सारे पुन्हा करावे लागते. दाट केस वाळण्यास दोन तासही लागतात, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी असेल तर दुपारीच बसावे. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत लाटा वाकड्या येतात. सराव घरी करावा, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे.

वाळल्यावर मागचे केस मानेवर सैल अंबाड्यात घ्यावेत आणि त्यावर मोगऱ्याचा गजरा किंवा एखादे मोठे फूल माळावे. कृष्णधवल चित्रात काळ्या केसांवर पांढरा गजरा हिऱ्यासारखा उजळतो, आणि मायक्रोफोनच्या दृष्टीने पाहता फुलासारखा गुणी दागिना दुसरा नाही.

चेहरा आणि कुंकू

भुवया बारीक, कमानदार आणि कानशिलाकडे लांबवलेल्या असत. देविका राणी यांची समोरून घेतलेली छायाचित्रे यासाठी पाहावीत. त्यासाठी स्वतःच्या भुवया उपटू नयेत, त्या पूर्वीसारख्या येतीलच याची शाश्वती नसते. खालचा अर्धा भाग जाड फाउंडेशनने झाकून वरच्या कडेवरून टोकदार पेन्सिलीने रेघ ओढली की पुरते. पापणीवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला, तर प्रकाशात डोळे ओलसर, स्वप्नाळू दिसतात. मस्कारा वरच्या पापणीलाच लावावा. ओठांसाठी चमक नसलेली, तपकिरीकडे झुकणारी लाल छटा घ्यावी आणि वरच्या ओठाचे दोन उंचवटे गोलाईने रेखावेत.

कुंकू मेणावर लावावे. आधी मेणाचा लहान, गोल ठिपका आणि त्यावर कुंकवाची पूड बोटाच्या टोकाने दाबली की कड स्वच्छ येते आणि दिव्यांच्या उष्णतेत ते ओघळत नाही. चिकटवलेली मखमली टिकली जवळच्या चित्रात कडेने उचललेली दिसते, शिवाय ती पुष्कळ नंतरच्या काळाची आठवण करून देते.

दागिने मोजके आणि मुके

एका संगीत कार्यक्रमात माझ्या गायिकेच्या दोन्ही हातांत मी डझनभर काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. मायक्रोफोन पदराला लावलेला होता. पहिल्याच ओळीला तिने हात उचलला आणि सभागृहभर किणकिण घुमली. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने आवाज कमी केला तेव्हा तिचे गाणेही मावळले. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी गाणाऱ्या किंवा बोलणाऱ्या कलावंताला सुट्या बांगड्या देत नाही. मनगटावर बसणारी एक पाटली किंवा गोठ आणि दुसऱ्या हातात लहान आयताकृती तबकडीचे, काळ्या गोफाचे मनगटी घड्याळ, एवढे पुरते. शिकलेल्या नव्या स्त्रीची ओळख म्हणून हे घड्याळ फार बोलके आहे. भूमिकेसाठी बांगड्या हव्याच असतील, तर चार-चार एकत्र घेऊन आतल्या बाजूने रेशमी धाग्याने बांधून टाकाव्यात.

गळ्यात मोती घ्यावेत. मुंबई ही बसऱ्याच्या मोत्यांची मोठी पेठ होती. तीसच्या दशकात जपानच्या मिकिमोतो यांच्यासारख्यांनी पिकवलेले मोती बाजारात पसरले आणि आखातातील नैसर्गिक मोत्यांचा व्यापार ढासळला. मोत्यांचा सर तेव्हा राजघराण्यांपुरता उरला नव्हता. आपण कृत्रिम मोती घेताना प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारलेला सर मागावा. गाठीमुळे मोती एकमेकांवर आपटत नाहीत, सर अंगावर मऊ वळतो आणि तुटला तरी सारे मोती रंगमंचावर घरंगळत नाहीत. कानांत लांबट लोलक किंवा सात मोत्यांची कुडी, यांपैकी एक घ्यावे.

याच वर्षांत मुंबईत रीगल, मेट्रो, इरॉस ही आर्ट डेको शैलीची चित्रपटगृहे उभी राहिली. त्यांच्या दर्शनी भागावरील पायऱ्यापायऱ्यांच्या सरळ रेषा आणि किरणांसारखे आकार त्या काळच्या ब्रोचमध्ये, घड्याळात आणि पर्सच्या कडीतही सापडतात. ब्रोच निवडताना फुलापानांपेक्षा असे भौमितिक आकार शोधावेत. तो डाव्या खांद्यावर, पदराच्या चुण्या जिथे एकत्र येतात तिथे लावावा. नथ, ठुशी, कोल्हापुरी साज, बुगडी हे सुंदर दागिने आहेत, पण ते लुगडे नेसलेल्या नायिकेचे. ब्रोच, घड्याळ आणि साज एकाच अंगावर आले की तिन्ही आपले तेज गमावतात.

पादत्राणांना बोटांपाशी गोलाई आणि पाच-सहा सेंमीची भरीव टाच असावी. टोकदार पेन्सिलटाच नंतरच्या काळातील आहे. टाचेच्या तळाला रबर किंवा कातडे चिकटवून आवाज मारावा. हातात मण्यांची किंवा मखमलीची, दांडा नसलेली छोटी पर्स आणि कमरेला खोचलेला रुमाल पुरे.

रंगीत तालीम आणि आवराआवर

सर्व साज एकदा तरी पूर्ण चढवून, मायक्रोफोन लावून, प्रत्यक्ष दिव्यांखाली पाहावा. छायाचित्र काढावयाचे असल्यास मुख्य दिवा कॅमेऱ्याच्या वर, चेहऱ्यासमोर उंच ठेवावा, म्हणजे नाकाखाली लहानशी सावली पडते आणि गालांची हाडे उठतात. दुसरा लहान दिवा मागून केसांवर सोडावा, म्हणजे तासभर बसून घातलेल्या लाटांची प्रत्येक कड उजळून निघते. मग डोळे मिटून कलावंताला एक संवाद म्हणावयास व चार पावले चालावयास सांगावे आणि केवळ ऐकावे. जे खुडबुडते, ते शोधून काढून टाकावे किंवा दोऱ्याने बांधावे.

कार्यक्रम संपल्यावर सर्वांत आधी ब्रोच व टाचण्या काढाव्यात, कारण साडी सोडताना विसरलेली एक टाचणी जॉर्जेटला लांबच लांब ओरखडा पाडते. साडी रात्रभर वाऱ्यावर पसरून घाम जिरू द्यावा. ती हँगरला टांगून ठेवू नये, काठाच्या वजनाने कापड ओढले जाते. जुन्या धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी घडी बदलावी. मोत्यांचा सर मऊ फडक्याने पुसून वेगळ्या पिशवीत, आडवा ठेवावा.